दातवणाची दंतकथा

नरकचतुर्दशीची पहाट म्हटली की इतरांना उटण्याचा वास आठवतो, फटाक्यांचा आवाज आठवतो, चकलीची आठवण येते. मला मात्र सगळ्यांच्या आधी आठवते ती एक लहानशी पितळी डबी. आमचे घर कोकणात. पहाटे चारलाच माजघरात समया लागत, न्हाणीत चुलवणावर पाण्याचा हंडा उकळू लागे आणि आम्हा पोरांना गोधडीतून ओढून काढण्याचे काम आजीकडे असे. "आधी दात घासा, मग तेल," हा तिचा हुकूम. आम्हाला राखुंडीचा चिमटा मिळे. आजी स्वतः मात्र कोनाड्यातली ती पितळी डबी काढी, तिच्यातली काळीभोर पूड बोटाने दातांवर चोळी आणि पाटावर बसून कितीतरी वेळ गप्प राही. त्या पुडीचे नाव दातवण. दिव्याच्या उजेडात आजी हसली की तिचे दात ओल्या काळ्या दगडासारखे चमकत. त्या वयात मला वाटे, आज्यांचे दात काळेच असतात. जसे आजोबांचे डोके पांढरे असते तसे.

मुलांना शब्दांची भारी खोड असते. पाय खरचटून बरा झाला की वण राहतो, हे मला ठाऊक होते. तेव्हा दातवण म्हणजे दातांवरचा वण, असा माझा मी अर्थ लावून टाकला. काळा डाग उमटतो, तो जात नाही, म्हणून वण! मोठ्या भावाला हे पसंत नव्हते. त्याच्या मते रानातल्या झाडपाल्यापासून केलेली पूड म्हणून ते दातवन. आमचा वाद आजीपुढे गेला. ती म्हणाली, "अरे, दातवण म्हणजे दातवण. नावाला का कुणी नाव विचारतं?" त्या वेळी न्याय झाला नाही. तो पुढे बऱ्याच वर्षांनी, कोश उलटताना झाला. आणि दोघेही भाऊ हरलो.

शब्द आहे 'दन्तपवन'. यातला पवन म्हणजे वारा नव्हे. 'पू' म्हणजे शुद्ध करणे. ज्या धातूपासून पावन, पवित्र, पुनीत हे आपले रोजचे शब्द निघाले, त्याचाच हा पवन. दात शुद्ध करणारे ते दन्तपवन. संस्कृत शब्द लोकांच्या तोंडी रुळू लागला की त्याच्या कडा झिजतात, आणि त्या झिजण्यालाही नियम असतो. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या 'प'चा 'व' होतो. कपाटाचे कवाड झाले, नापिताचा न्हावी झाला, दीपाचा दिवा झाला. तसाच मधला 'न' आपल्याकडे 'ण' होतो : पानीयाचे पाणी, जनाचा जण. दन्तपवनाचे प्राकृतात दंतवण झाले आणि दंतवणाचे मराठीत दातवण. मौज अशी, की ज्या नियमाने दीपावलीची दिवाळी झाली, त्याच नियमाने दन्तपवनाचे दातवण झाले. म्हणजे त्या पहाटे आमच्या माजघरात दिवा, दिवाळी आणि दातवण हे तिघेही एकाच घाटावर न्हाऊन आलेले पाहुणे होते. आम्हालाच ते ठाऊक नव्हते.

मग 'दात' तरी कुठला? तो संस्कृत 'दन्त'. आपल्या आजोबांच्या हस्ताक्षरातली जुनी पत्रे काढून पाहा, त्यांत 'दांत' असा डोक्यावर टिंब दिलेला शब्द सापडेल. ते टिंब म्हणजे दन्तातल्या 'न'ची शेवटची खूण. उच्चारातून ती केव्हाच गेली होती. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी कागदावरूनही गेली. या दन्ताचे सगेसोयरे मात्र दूरदूर पसरलेले आहेत. फारसीत 'दंदान', लॅटिनमध्ये 'देन्स', लिथुआनियाच्या भाषेत 'दांतिस', ग्रीकमध्ये 'ओदोन्त', आणि इंग्रजांचा 'टूथ' हाही त्याच कुळातला. तेव्हा डेंटिस्टच्या पाटीकडे पाहून कुणाला परकेपण वाटत असेल तर त्याने धीर धरावा. त्या पाटीवर आपलाच दन्त लॅटिन अंगरखा घालून बसलेला आहे. पुष्कळ भाषापंडितांचे म्हणणे असे, की या सर्वांच्या मुळाशी 'अद्' म्हणजे खाणे हा धातू आहे. दात म्हणजे खाणारा! खायचे दात नि दाखवायचे दात निराळे, असे आपण म्हणतो खरे. पण शब्दाच्या जन्मात दाखवायचा दात नाही, फक्त खायचा आहे.

असो. आपण दन्तपवनाकडे वळू. आमच्या आजीची पूड काळी होती. पण मुळात दन्तपवन ही पूड नव्हतीच. ती होती काडी. चरकसंहितेत सांगितले आहे की टोक चेचून मऊ केलेली, तुरट, तिखट किंवा कडू चवीची काडी दिवसातून दोन वेळा चावावी, पण हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. त्यासाठी करंज, कण्हेर, रुई, अर्जुन, असणा अशा झाडांची नावे दिली आहेत. दिवसातून दोन वेळा! आज दंतवैद्य हेच सांगतात आणि आपण आजही ते ऐकत नाही.

सुश्रुतसंहिता याहून काटेकोर. काडी बारा अंगुळे लांब असावी, म्हणजे बरोबर एक वीत. जाडीला करंगळीएवढी असावी. कडू झाडांत निंब उत्तम, तुरटात खैर, तिखटात करंज आणि गोडात मोह. नुसती काडी पुरत नसेल तर मध, तेल, सैंधव आणि तिखट औषधांचे चूर्ण यांनी दात साफ करावेत. घसा, टाळू, ओठ किंवा जीभ यांचा विकार असलेल्याने मात्र काडीच्या वाटेला जाऊ नये. आणि काडी कशी निवडावी? सरळ, गाठ नसलेली आणि 'अव्रण', म्हणजे जिच्यावर वण नाही अशी. हे वाचले तेव्हा मला मोठ्याने हसू आले. दातवण म्हणजे दाताचा वण, असे मी म्हणत होतो. आणि मूळ ग्रंथकार बजावत होता की बाबा, दातवणाला वण असता कामा नये!

आयुर्वेदाने काडी आरोग्यासाठी सांगितली. धर्मशास्त्राने तिला वेळापत्रक दिले. अमावास्या, प्रतिपदा, षष्ठी, नवमी आणि उपवासाचे दिवस हे काडीला वर्ज्य ठरले. मग त्या दिवशी काय करायचे? तर पाण्याच्या बारा चुळा भराव्यात, की मुखशुद्धी झाली. ज्योतिषीही मागे राहिले नाहीत. वराहमिहिराने सहाव्या शतकातल्या आपल्या 'बृहत्संहिते'त दंतकाष्ठाच्या लक्षणांवर एक अध्याय खर्ची घातला आहे. कोणत्या झाडाच्या काडीने कोणते फळ मिळते ते त्यात आहेच. शिवाय दात घासून झाल्यावर फेकलेली काडी कशी पडते यावरून दिवस कसा जाईल तेही आहे. काडी क्षणभर उभी राहून मग पडली, तर त्या दिवशी गोडधोड खायला मिळते म्हणे. दिवाळीच्या दिवशी हा प्रयोग करायला हरकत नाही. काडी कशीही पडली तरी फळ चुकणार नाही!

आता या काडीचा प्रवास पाहा. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षूंच्या वागणुकीचे नियम आहेत आणि प्रत्येक नियमामागे एखादा प्रसंग आहे. काही भिक्षू दात घासत नसत, त्यामुळे त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येई. तेव्हा बुद्धाने दंतकाष्ठाची परवानगी दिली आणि त्याचे पाच लाभ सांगितले. परवानगी मिळताच काही दांडग्या भिक्षूंनी लांबलचक काड्या वापरायला सुरुवात केली, आणि त्याच काड्यांनी लहान श्रामणेरांना बडवायलाही! म्हणून नियम झाला की काडी आठ अंगुळांहून लांब नसावी. मग एका भिक्षूने फारच आखूड काडी घेतली आणि ती त्याच्या घशात अडकली. म्हणून पुन्हा नियम झाला की चार अंगुळांहून आखूडही नसावी. आठ आणि चार यांच्या मधला हा मध्यम मार्ग! याच विनयात आणखी एक नियम आहे. भिक्षूने कुणी दिल्यावाचून कोणतीही वस्तू तोंडात घालू नये. अपवाद दोनच, पाणी आणि 'दंतपोण'. हा दंतपोण म्हणजे आपल्या दातवणाचा पाली भाऊ. लवणाचे लोण झाले, नवनीताचे लोणी झाले, तसे पवनाचे पोण झाले. ज्याच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे काही नाही, त्यालाही पाणी आणि दातवण कुणाला न विचारता घेता येई. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

बौद्ध धर्म उत्तरेकडे निघाला तेव्हा पोथ्या आणि मूर्ती यांच्याबरोबर ही काडीही निघाली. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी यात्रेकरू फाहियान याने एका गावाची हकीकत सांगितली आहे. बुद्धाने दात घासून काडी जमिनीत रोवली, तिचे झाड झाले, द्वेषाने लोकांनी ते तोडले, तरी ते पुन्हा त्याच जागी उगवले. दोन शतकांनी ह्युएनत्संग आला, त्यानेही ही कथा टिपून ठेवली. ही मात्र दंतकथाच. आणि तिच्याइतकी दंतकथा या नावाला शोभणारी दुसरी सापडायची नाही!

पण खरी गंमत केली ती इत्सिंग याने. हा भिक्षू ६७१ साली चीनमधून समुद्रमार्गे निघाला, नालंदेला सुमारे दहा वर्षे राहिला आणि येथल्या भिक्षूंचा दिनक्रम त्याने बारीक नजरेने पाहिला. त्याच्या वृत्तांतात दंतकाष्ठावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रोज सकाळी काडी चावायची, दात घासायचे, मग तीच काडी चिरून तिने जीभ खरवडायची, चूळ भरायची आणि मगच वडीलधाऱ्यांना नमस्कार करायचा. या काडीमुळे हिंदुस्थानात दातदुखी फार क्वचित आढळते, असेही तो लिहितो. आणि मग तो आपल्या देशबांधवांना चांगलाच फैलावर घेतो. झाले होते असे, की चिनी भाषांतरकारांनी दंतकाष्ठाला 'यांगझी' हा शब्द वापरला होता. यांगझी म्हणजे वाळुंजाच्या जातीच्या झाडाची डहाळी. इत्सिंग म्हणतो, अहो, हिंदुस्थानात ते झाड दिसते कुठे? दन्त म्हणजे दात, काष्ठ म्हणजे लाकूड, सरळ 'दातलाकूड' म्हणा की! परंतु शब्दाच्या बाबतीत पंडिताचे कोण ऐकतो? चूक रूढ झाली आणि चूकच पुढे चालली.

ती गेली ती थेट जपानला. यांगझीचा जपानी उच्चार झाला 'योजी'. तेराव्या शतकात दोगेन नावाचा मोठा झेन आचार्य होऊन गेला. तो १२२३ साली चीनला गेला तेव्हा त्याला दिसले, की तेथले भिक्षू काडी विसरले आहेत. गाईच्या शिंगाला घोड्याचे केस बसवून केलेल्या कुंच्याने काही जण दात घासतात आणि पुष्कळांच्या तोंडाला तर वासच येतो. ज्याला आपण पुढे ब्रश म्हणून डोक्यावर घेतले, त्याचा हा पूर्वज. दोगेनला तो मुळीच आवडला नाही. मायदेशी परतल्यावर त्याने आपल्या शिष्यांना निक्षून सांगितले, की बुद्धाच्या परंपरेतली काडीच खरी. पुढे जपानी बाजारात टोक चेचून कुंच्यासारखी केलेली 'फुसायोजी' विकली जाऊ लागली. चरकाला ती दाखवली असती तर त्याने मान डोलावली असती. आज जपानमध्ये योजी म्हणजे जेवणानंतर दात कोरायची काडी. आणि कोरियात? तेथे यांगझीचे 'यांगजी' झाले. मग काडी हा अर्थ विसरला गेला आणि त्याचे 'यांगची' झाले. आज कोरियातली आई मुलाला जेव्हा "यांगची कर" म्हणते तेव्हा ती त्याला दात घासायला सांगत असते. त्या माउलीला कल्पनाही नसेल की आपल्या तोंडी नालंदेच्या न्हाणीतला शब्द, चिनी झाडाचे नाव घेऊन, आलेला आहे. पश्चिमेकडेही काडीचे राज्य होतेच. अरबी 'मिस्वाक' म्हणजे घासण्याचे साधन. ते पिलूच्या झाडाचे. एकूण काय, अर्धे जग सकाळी उठून लाकूड चावत होते.

परदेशातून घरी येऊ. दन्तपवनाची लेकरे हिंदुस्थानातही पुष्कळ आहेत. गुजरातीत दातण, हिंदीत दातुन आणि दतुवन. या बहिणींनी आईचा अर्थ सोडला नाही. त्यांच्या घरी अजूनही काडीच आहे. मराठीने मात्र निराळी वाट धरली. काडीची कामे बाभळीला आणि कडुनिंबाला मराठी माणसानेही सांगितली; पण दातवण हे नाव त्याने दिले पुडीला, आणि त्यातही विशेषेकरून बायकांच्या काळ्या पुडीला. यात अघटित काही नाही. शब्द आधी वस्तूला चिकटतो, मग कामाला चिकटतो आणि शेवटी त्या कामासाठी जे हाताशी असेल त्याला चिकटतो. दात स्वच्छ करण्याचे काम पुडीकडे गेले, तेव्हा नावही तिच्याकडे गेले.

ही पूड काळी कशी होई? हिरडा, मायफळ यांसारखी तुरट फळे आणि त्यांच्या जोडीला हिराकस. तुरट रस आणि हिराकशीतले लोखंड एकत्र आले की गडद काळा रंग तयार होतो आणि तो सहजासहजी निघत नाही. वाचकहो, हीच कृती शाईची! ज्या रसायनाने शाई होई, तेच घरातल्या बायका दातांवर घासत होत्या. आणि इकडे आपण ज्यांना काडी दिली त्या जपानमध्येही बायका दात काळेच करीत. तेथेही लोखंडाचे पाणी आणि झाडावरच्या तुरट गाठींची पूड, म्हणजे कृती तीच. विवाहित स्त्रीची ती खूण होती आणि त्या लेपाने दात किडत नाहीत असा समज होता. पुढे १८७० साली सरकारने उमरावांना ती चाल बंद करायला सांगितले आणि १८७३ साली खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांपुढे आली. मग हळूहळू जपानचे हसू पांढरे झाले. सौंदर्य ही वस्तू किती पातळ असते पहा! एका पिढीला जो तेजस्वी काळा वाटतो, तोच पुढच्या पिढीला नुसता काळा दिसतो.

आता सांगायचे तेच सांगणे जड आहे. आमच्या घरात हळद, कुंकू, काजळ आणि दातवण ही एका तबकातली मंडळी होती. ते स्वच्छतेचे साधन उरले नव्हते, सौभाग्याचे लेणे झाले होते. मी दहा वर्षांचा असताना आजोबा गेले. त्यानंतरच्या दिवाळीत अंगणात कारीट फोडले गेले, पण घरात गोडधोड नव्हते. पहाटे आजीने आम्हाला नेहमीप्रमाणे उठवले, "आधी दात घासा" म्हणाली आणि आमच्याच डब्यातली राखुंडी बोटावर घेऊन परसात गेली. कोनाड्यात पितळी डबी नव्हती. कुणी तिला तसे करायला सांगितले होते असे नाही. सांगावे लागतच नसे, हीच तर त्यातली गोष्ट आहे. दातांवरचा काळा रंग एका दिवसात जात नाही. तो महिनोन् महिने उतरत राहिला; आधी कडांनी, मग मधून. पोर म्हणजे पोर. मी एकदा मोठ्या आनंदाने म्हणालो, "आजी, तुझे दात पांढरे होऊ लागले!" तिने पदर तोंडावर धरला आणि काही न बोलता उठून गेली. मला वाटले, मी काहीतरी चांगले सांगितले.

पुढे मला त्या शब्दाचा अर्थ सापडला, पण तोवर ती राहिली नव्हती. सापडला असता तर मी तिला सांगितले असते, की आजी, या शब्दाच्या पोटात कुठेही कुंकू नाही. यात नवरा नाही, लग्न नाही. दन्तपवन म्हणजे दात शुद्ध करणारे, एवढेच. चरकाने ते सांगितले ते रोगी होऊ नये म्हणून. ज्याला संसार नाही अशा भिक्षूलाही पाण्याबरोबर ते मोकळे होते. तुझ्याकडून ते काढून घेण्याचा अधिकार त्या शब्दाने कुणालाच दिलेला नव्हता. तिने कदाचित तेच उत्तर दिले असते, "नावाला का कुणी नाव विचारतं?" परंतु मला वाटते, कधी कधी विचारावे. नावाला नाव विचारले की रूढी किती उशिरा आली ते कळते. आणि जी उशिरा आली ती जाऊही शकते, हेही कळते.

ही रूढी गेलीच. शाळा शिकलेल्या मुलींना काळे दात नकोसे वाटू लागले. दंतमंजनाच्या पुड्या आल्या, पेस्ट आली. इंग्लंडात १७८० च्या सुमारास विल्यम ॲडिस याने हाड आणि केस यांचा ब्रश विकायला काढला होता. १९३८ साली नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला आणि तो थोड्याच दशकांत आपल्या न्हाणीघरापर्यंत पोहोचला. दातवण हा शब्द मागे पडला. पण त्याच्या जागेवर आणखी एक जण येऊन बसला होता, आणि तो पाहुणा मोठा दगाबाज.

त्याचे नाव मिशरी. उत्तरेकडे दात काळे करण्याच्या पुडीला मिस्सी म्हणतात. आपली मिशरी बोलायला तिच्या शेजारची, पण पुष्कळ घरांत ती झाली तंबाखूची. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. रंग काळा, बोट तेच, कोनाडा तोच, पहाटेची घटकाभर शांतताही तीच. म्हणून कुणाला वाटलेच नाही की दातवण गेले आणि व्यसन आले. हिंदी मुलखातला पाहुणा आपल्याकडे 'मिश्री' ऐकून खूश होतो, कारण त्याच्या भाषेत मिश्री म्हणजे खडीसाखर, मिसर देशाचे नाव घेऊन आलेली. येथे त्याला साखर मिळत नाही. तंबाखूतले निकोटीन हिरडीवाटे रक्तात जाते आणि सवय सुटू देत नाही. धुराविना वापरलेल्या तंबाखूनेही तोंडाचा कर्करोग होतो, हे आता निर्विवाद ठरले आहे. मुंबईत गर्भवती स्त्रियांची पाहणी झाली; तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मिशरीसारखी तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरीने सुमारे शंभर ग्रॅमने कमी भरले होते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ सालीच देशात बंदी झाली. पण घरच्या तव्यावर कायदा पोहोचत नाही. शेतावर जाणारी, कामाला बाहेर पडणारी कितीतरी बायामाणसे आजही "दात घासते" असे म्हणून मिशरीच लावतात. शब्दाने केलेला हा सर्वांत मोठा घात. व्यसन म्हटले असते तर लाज वाटली असती. दात घासणे म्हटले की ती स्वच्छता ठरते.

मी आता ऐंशी ओलांडली आहे. माझे स्वतःचे दात थोडे, चणे पुष्कळ, अशी म्हणीप्रमाणे अवस्था. गेल्या दिवाळीत पणतीने पहाटे ब्रशवर पेस्ट घेत मला विचारले, "पणजोबा, तुमच्या लहानपणी ब्रश नव्हता, मग तुम्ही काय वापरत होता?" मी म्हणालो, "राखुंडी." "आणि तुमची आजी?" "दातवण." "म्हणजे काय?"

मग मी तिला सगळे सांगितले. कडुनिंबाची काडी, नालंदेचा भिक्षू, जपानची योजी, शाईसारखे काळे दात. तिला सर्वांत आवडला तो आखूड काडी घशात अडकलेला भिक्षू. कोनाडा मी सांगितला, पण डबी तिथून का गेली ते सांगायला थोडा वेळ लागला. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "पण दात तर सगळ्यांनाच घासायचे असतात ना?"

एवढे साधे वाक्य आमच्या घरात त्या वर्षी कुणालाही सुचले नव्हते. दारात पणती तेवत होती, आत पणती दात घासत होती. दीपाचा दिवा करणाऱ्या आणि दन्तपवनाचे दातवण करणाऱ्या त्या जुन्या भाषेला मी मनातून नमस्कार केला आणि तेलाच्या वाटीकडे वळलो.